बसस्टँडवरचा प्रसंग

कॉलेजात त्या जुन्या कन्नड चित्रपटाची एकच प्रत होती आणि ती चालवू शकणारा संगणकही एकच. परीक्षेचा अख्खा निबंध मात्र त्याच चित्रपटावर! त्यामुळे शलाका धावतपळत पोचली आणि खुर्चीत एक मुलगा आधीच ठाण मांडून बसलेला दिसला, तेव्हा तिचं डोकंच फिरलं.

"सबटायटल्स नाहीत," तो मागे न वळता म्हणाला. "कन्नड येतं?"

"स्वल्प स्वल्प." पुण्याहून बंगळुरूला आलेल्या शलाकाचं कन्नड रिक्षावाल्यांपुरतंच होतं.

"मग बस की. मी सांगतो."

तो प्राणेश, निपाणीचा. घरात मराठी, शाळेत कन्नड. एकेक इअरफोन वाटून घेऊन तो संवाद तिच्या कानाशी मराठीत सांगायचा आणि ती... पडद्याऐवजी त्याच्याकडेच बघायची.

"हिरो तिकडं आहे," तो म्हणायचा.

"माहितीये. तू सांग ना पुढे."

शेवटी बसस्टँडवर नायिका बसच्या खिडकीतल्या नायकाला काहीतरी सांगते. तिथे प्राणेश अडखळला. मग शलाकाकडे बघत हळूच म्हणाला, "ती म्हणते... मी वाट बघीन."

शलाकाला ते आपल्यालाच म्हटल्यासारखं वाटलं. सगळा निबंध तिने त्या वाक्यावर उभा केला, आणि पुढची कितीतरी स्वप्नंही.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती मोबाइलवर टिपून घेतलेला तोच प्रसंग बघत होती. घरमालकीण पद्मावतीअक्का कॉफी घेऊन आल्या आणि तिथेच थबकल्या.

"पाप, बिचारी गं पोर," त्यांनी डोळे टिपले. "लग्न ठरलंय तिचं. वाट बघू नको म्हणती त्याला."

शलाकाने प्रसंग पुन्हा लावला. अक्कांनी पुन्हा तेच सांगितलं. अक्का खाली गेल्यावर तिने फोन लावला.

"प्राणेश, शेवट खोटा का सांगितलास?"

"खरा सांगितला असता तर... माझाही सांगावा लागला असता. परीक्षा झाली की साखरपुडा आहे माझा. घरच्यांनी दिवाळीतच ठरवलंय."

"आणि तू हो म्हणालास."

"हो."

तिला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप. स्वतःला चार दिवस गोड वाटावं म्हणून हा माणूस आपल्याला नापास करायला निघाला होता. तिने फोन ठेवला आणि निबंध पहिल्यापासून मांडायला घेतला.

दुसऱ्या दिवशी पेपर सुटल्यावर तो जिन्यात थांबला होता. बाहेर पावसाची भुरभुर चालली होती.

"शेवटाबद्दल... काय लिहिलंस?"

"नायिका मला आवडली, असं लिहिलं," शलाका छत्री उघडत म्हणाली. "बस सुटायच्या आधी ती खरं सांगते."