पाण्यावरची झालर

जवळ सरका. मी मोठ्याने बोलत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. ही माझ्या साडूची गोष्ट. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. एकाच माणसाशी खोटं बोलला, तेही दया येऊन.

तो दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत कामाला होता. अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप करायचे, ते कोमट पाण्यावर सोडायचे आणि काचेवर उचलायचे. पुढचं काम घेण्याआधी पाण्यावरून कागद फिरवायचा. नाहीतर एकाचा कण दुसऱ्याच्या काचेवर चढतो.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचे दहा. एका शाळकरी मुलीच्या जबड्यात पाण्याची गाठ झाली होती, सकाळी ऑपरेशन. डॉक्टरीणबाई शेजारच्या खोलीत मायक्रोस्कोपपाशी थांबल्या होत्या. त्या सांगायच्या, अशा गाठीचं अस्तर पाहावं. साधी असेल तर पातळ, सपाट. आत अडकलेल्या दातासकट काढली की मिटलं. वाईट असेल तर वरून झालरीसारखं नागमोडी, आणि तळाला पेशी खांद्याला खांदा लावून उभ्या. ती जरा राहिली तरी परत वाढते. मग हाडच कापायचं. पोरीचा अर्धा चेहरा जायचा.

ती झालर साडूच्या ओळखीची होती. आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांची. तीनदा कापली, तीनदा आली. दर वेळी काका उरलेल्या तोंडाने विचारायचे, सगळं निघालं ना? कडेला राहिलंय हे बाईंकडून कळलेलं असायचं, तरी साडू म्हणायचा, निघालं काका. चौथ्या खेपेला ते टेबलावरच गेले. त्याला आठवडा झाला होता. त्यांचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा कपाटात, कुलपात.

पहिली काच बाईंनी परत आणून दिली. सपाट अस्तर आहे, पण शेजारी झालरीची एक पट्टी आहे. दुसऱ्या कुणाचा कण दिसतोय, म्हणाल्या, पाणी बदल.

त्याने पाणी बदललं. पातं बदललं. भांडं घासलं.

दुसरी काच. पट्टी होतीच. थोडी लांब झालेली.

बाई दमल्या होत्या. आता पुन्हा पट्टी आली तर ती पोरीचीच धरावी लागेल, एवढं बोलून आत गेल्या.

साडूने तिसरा काप पाण्यावर सोडला. पाणी स्वच्छ. काप एकटा. मग कडेकडून काहीतरी तरंगत आलं... बारीक, नागमोडी. हळू. कापाला येऊन टेकलं.

खोली गार पडली. पाठीमागे ओला श्वास. तोंड पुरतं मिटत नसलेल्या माणसाचा...

"सगळं... निघालं ना?"

साडू वळला नाही.

"नाही काका. राहिलं होतं."

...

"पोर आहे हो ती. तिला सोडा. राहिलेलं मला द्या."

श्वास थांबला. पाण्यावर फक्त पोरीचा काप होता.

काच साधी निघाली. पोरीचं ऑपरेशन छोटंसं झालं. आज तिला दोन लेकरं आहेत, छान हसते.

वर्षाच्या आत साडूचा गाल सुजला. काचेवर झालर. बाई म्हणाल्या, कुणालाही होते. ताडून पाहायला म्हणून त्यांनी कपाटातून शिंपीकाकांचा ठोकळा काढला, तेव्हा मीच साडूला धरून उभा होतो.

कुलूप शाबूत. मेणाला कुठे चीर नाही.

बाईंनी ठोकळा दिव्यासमोर धरला. आत तुकड्याएवढी पोकळी होती.