मागून दबलेली गाडी

गाडी पाहायला निघताना इंदुताईंनी पिशवीत मोजपट्टी टाकली. माणूस गाडी घ्यायला जातो तो इंजिन बघतो, टायर बघतो. इंदुताईंना लांबी बघायची होती.

एकोणीसशे छप्पनचा ऑक्टोबर चालू होता. राज्याचे तीन तुकडे व्हायचे ठरले होते आणि हैदराबादच्या कचेऱ्यांतून माणसांची भाषेवार वाटणी चालली होती. इंदुताई मुलींच्या शाळांच्या इन्स्पेक्टर. त्यांना हुकूम आला होता : पहिल्या नोव्हेंबरला औरंगाबादेस हजर व्हावे. त्या एकट्या असत्या तर एका ट्रंकेत संसार भरून निघाल्या असत्या. पण घरात वडील होते. हिम्मतराव, जुन्या राजवटीतले जमीनमोजणीचे गिरदावर, तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले. कमरेखाली जीव नव्हता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, बसवायचं नाही, न्यायचं तर आडवंच. इंदुताईंनी स्टेशनवर जाऊन डब्याचं दार मोजलं होतं. वडिलांना निजवून न्यायची फळी त्यातून वळत नव्हती.

"मला इथंच ठेव, इंदू," हिम्मतराव म्हणाले होते. "सेवेला विठाबाई आहे, ती बघेल माझं."

"आबा, तो विषय नको," एवढंच त्या बोलल्या होत्या.

आबिड्सच्या मागच्या गल्लीत एका बंद बंगल्याच्या आवारात ती स्टेशन वॅगन उभी होती. लांबलचक, बाजूंना लाकडी फळ्या मारलेली, आठदहा माणसांच्या कुटुंबासाठी बनवलेली. बंगल्याचे मालक, पाटबंधाऱ्यांकडचे एक इंजिनिअर, वारले होते. गाडी दाखवायला त्यांचा म्हातारा ड्रायव्हर रहमतमियाँ आला होता. इंदुताईंनी मागची सीट पाडली आणि मोजपट्टी लावली. सहा फूट दोन इंच. आबा पाच फूट नऊ. इंदुताईंच्या छातीवरचं ओझं हलकं झालं.

दार लावताना त्यांच्या लक्षात आलं, गाडी मागून चांगलीच दबलेली होती.

"कमानीचे पाटे बसलेत का हो मागचे?"

"नये हैं, बाईसाब. गए साल डाले."

"मग मागे काही ठेवलंय?"

रहमतमियाँ खाली बघत राहिला. "कुछ नहीं, बाईसाब. गाडी खालीच है..."

इंदुताई स्वतः चालवायला बसल्या. गावोगावच्या शाळा तपासत जीप हाकण्यात त्यांची सहा वर्षं गेली होती. रहमतमियाँ शेजारी बसला, पण अंग चोरून, दाराला चिकटून. दुपारचे चार वाजले होते. नामपल्ली स्टेशनासमोरच्या टांग्यांतून वाट काढत त्या लंगर हौजकडे निघाल्या. इंजिन गोड चाललं होतं, गिअर लोण्यासारखे पडत होते. फक्त चढ आला की गाडी जड व्हायची. रिकामी गाडी अशी चढत नाही. भरलेली चढते.

एका वळणावर म्हैस आडवी आली आणि इंदुताईंनी कचकन ब्रेक दाबला. तेव्हा मागून काहीतरी पुढं सरकल्याचा आवाज झाला, कपड्यांची सळसळ, बांगड्यांची किणकिण. आणि त्यांच्या पाठीला सीटच्या आरपार दोन लहान ढोपरं टेकली.

त्यांनी आरशात पाहिलं. मागं कोणी नव्हतं. मात्र मागच्या काचेवर वाफ धरली होती. बाहेर कोरडं खणखणीत ऊन पडलेलं आणि काच आतून ओली, जवळ तोंड नेऊन कोणी श्वास सोडावा तशी. गाडीत वाळ्याच्या अत्तराचा वास पसरला, आणि त्याच्या खालून दुसरा, नदीच्या गाळाचा.

इंदुताईंनी गाडी कडेला घेतली. मग उतरून मागचं दार उघडलं. आत पाडलेल्या सीटची रिकामी फळी. त्यांनी तिच्यावर तळवा ठेवला. फळी कोमट होती, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी.

"रहमतमियाँ, खरं सांगा. कोण आहे हे?"

म्हातारा रस्त्याच्या कडेला मटकन बसला.

"साब की बीबी... बच्चे... साब के अम्मीजान. पाँच लोगां थे, बाईसाब. सात साल हुए. बीदर में शादी थी. जहीराबाद के आगे नाला भरा हुआ था. मैं पानी देखने कू उतरा, लकडी लेके. पीछे पलटा तो... गाडी नहीं."

"गाडी सापडली?"

"दो दिन के बाद, कोसभर दूर. दरवाजे बंद, काचां सब चढे हुए." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "अंदर कोई नहीं था. आज तक नहीं मिले. साब दौरे पे थे, इसलिए बचे."

"यापूर्वी कोणी गाडी पाहून गेलं?"

"तीन जने. तीनों आधे रस्ते से पलट गए."

"हे लोक... कुणाला काही करतात?"

"नक्को, बाईसाब. कुछ नहीं करते. बस्स... बैठे रहते."

पळून जावं असं इंदुताईंना वाटलं नाही, असं नाही. पण डोळ्यांसमोर डब्याचं ते दार होतं, आणि 'मला इथंच ठेव' म्हणणारे आबा. हुकमाला बारा दिवस राहिले होते आणि सहा फूट दोन इंच लांबीची दुसरी गाडी त्यांनी अख्ख्या शहरात पाहिली नव्हती.

त्या मागच्या दाराशी गेल्या. शाळेत पोरींच्या रांगेशी बोलावं त्या आवाजात, पण हळू, त्या म्हणाल्या, "माझे वडील आजारी आहेत. त्यांना इथं आडवं व्हायचंय. तुम्ही जरा एका बाजूला सरकून बसा. मी बीदरच्याच रस्त्यानं जाणार आहे. तुम्हाला नाल्यापार सोडते."

वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. मग लाकूड करकरलं, आणि गाडी सावकाश डावीकडं कलली.

रहमतमियाँनं डोळे मिटून घेतले.

"गाडी घेते मी," इंदुताई म्हणाल्या.

आबांना त्यांनी सगळं सांगितलं. जन्मभर रानोमाळ मोजणीच्या साखळ्या ओढलेला तो माणूस, ऐकून एवढंच म्हणाला, "माणसंच ना? मग गर्दीची काय सवय नाही आपल्याला?"

एकोणतीस तारखेला उजाडताच ते निघाले. आबा मागं उजव्या अंगाला, फळीवर गादी घालून. पुढं इंदुताईंशेजारी विठाबाई, आबांची सेवा करणारी. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. जहीराबाद मागं पडलं. ऊन तापलं. नाल्यावर आता पूल झाला होता, खाली खडकांतून बोटभर पाणी वाहत होतं. पण गाडी पुलावर चढली आणि पाण्याचा आवाज वाढू लागला. आधी चाकांशी, मग दारांशी, मग काचांशी. इंदुताईंच्या घोट्यांना गार लागलं. इंजिन गुदमरलं. मागं कोणीतरी लहान मूल मुसमुसत होतं.

"ताई... हे काय हो..." विठाबाईनं पदर तोंडात कोंबला.

इंदुताईंनी पहिला गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. "पार व्हायचंय," त्या दात आवळून म्हणाल्या. विठाबाईला की मागच्यांना, त्यांनाही कळलं नाही.

पूल संपला तसा आवाज तुटला. त्यांनी लिंबाच्या सावलीत गाडी थांबवली, मागचं दार उघडलं आणि बाजूला झाल्या. "आलं नाल्यापार. उतरा."

गाडी किंचित वर आली. थोड्या वेळानं पुन्हा. आणखी एकदा. मग चौथ्यांदा. इंदुताई वाट पाहत राहिल्या. आबा डोळे मिटून पडले होते.

"लाव दार," ते पुटपुटले. "ऊन येतंय."

औरंगाबादेत दोन खोल्यांचं घर मिळालं. चार शेजाऱ्यांनी आबांना फळीसकट उचलून आत नेलं. त्यातले एकनाथराव, तालमीतले गडी, घाम पुसत म्हणाले, "म्हातारबाबा दिसतात तेवढे हलके नाहीत हो!"

इंदुताई हसल्या नाहीत. रात्री त्यांनी विचारलं, "आबा, चौघंच उतरली ना?"

"धाकटीला झोप लागली होती," आबा अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "माझ्या कुशीत होती. उठवावंसं वाटलं नाही."

त्या दिवसापासून ते तसेच हळू बोलू लागले. पलंगाच्या काठाशी सरकून झोपायचे. विठाबाईनं भांडं आपटलं तर रागावायचे. इंदुताई शाळा तपासत फिरत होत्या, घरी आल्या की पलंगाच्या रिकाम्या बाजूकडे न बघता आबांचं अंग पुसत होत्या. त्यांनी ठरवून टाकलं होतं : झोपलीय, तोवर झोपू द्यावं.

सव्वा महिना असा गेला. एका रविवारी भर दुपारी आबांनी हाक मारली.

"इंदू... ती जागी झाली. आईला विचारतेय."

इंदुताईंनी हातातली वही खाली ठेवली. "सांगा तिला, उद्या सकाळी गाडी काढते. नेऊन सोडते आईकडे."

"सांगितलं मी." आबा दाराकडं बघत होते. "ती म्हणते, कशाला? आई आलीये. पायी आली... म्हणून एवढे दिवस लागले."

दाराला आतून कडी होती. घरात कसलाच आवाज नव्हता. इंदुताई उठल्या. चार पावलांचं ते अंतर चालायला त्यांना फार वेळ लागला. त्यांनी कडी काढली आणि दार पूर्ण उघडलं.

बाहेर अंगणभर ऊन होतं. कोणी नव्हतं.

आणि त्यांच्या पाठीमागून, पलंगावरून, आबांचा अदबशीर आवाज आला, "आओ बेटी... अंदर आओ. सब लोगां आओ."