हरणाऱ्याने गाव सोडायचं

"चार पडलेत!"

कपडे वाळवायच्या यंत्राखालून आवाज आला आणि नोरीन दचकलीच. नाणी टाकून कपडे धुवायचं ते दुकान रविवारी सकाळी रिकामं असतं, म्हणून तर ती तिथे पत्ते आणि फासे घेऊन बसायची. आत कपडे गरगर फिरताहेत, बाहेर एरी सरोवरावरून येणारा बर्फाळ वारा काचा खडखडवतोय, आणि इकडे यंत्राच्या पाठीवर दोन पुठ्ठ्याचे पैलवान एकमेकांच्या मानगुटीवर बसलेत, असा तिचा निवांत बेत असे. आज त्यातला एक फासा घरंगळून यंत्राखाली गेला. त्याच्या मागोमाग, कोपऱ्यात मोज्यांच्या जोड्या लावत बसलेला एक उंच तरुण सरळ जमिनीवर पालथा पडला.

"चार," तो पुन्हा म्हणाला. बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवईला धूळ लागली होती आणि कोपराला कुणाचा तरी हरवलेला मोजा चिकटला होता. "चार म्हणजे चांगलं की वाईट?"

"खाली पडलेला फासा धरत नाहीत. पुन्हा टाकायचा. नियम आहे."

"पण धरला असता तर?"

"तर... हा पैलवान, दूधवाला मॉर्टी, जिंकला असता."

"मग धरा की हो! कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," नोरीन म्हणाली, आणि का कोण जाणे, तिचे कान तापले.

तो हसला. मोजा कोपरावरून काढून तिच्यापुढे धरत म्हणाला, "हा तुमचा?"

तिचाच होता.

नोरीन पाव्लिक दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. घाबरलेल्या माणसांना दिवसभर "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं होईल" असं सांगायचं, हे तिचं काम. स्वतः मात्र एक नंबरची भित्री. इस्त्री बंद केली का, दाराला कुलूप लावलं का, काल त्या बाईंशी आपण तुटक बोललो का... एक काळजी मिटली की दुसरी दारात उभीच. पण रविवारी दुपारी चर्चच्या तळघरात पत्त्यांवरच्या कुस्तीची लीग भरायची, हीच नोरीन तिची कमिशनर असायची, आणि तिथे तिच्या शब्दापुढे कोणाची टाप नव्हती.

खेळ साधा होता. प्रत्येक पैलवानाचा एक पत्ता, पत्त्यावर त्याचे डाव. फासे टाकायचे, जो आकडा पडेल तो डाव बसला. कोणी कोणाला उचलून आपटलं, कोण दोरावरून झेपावलं, कोण चितपट झालं, सगळं फाशांवर. लीगमधल्या प्रत्येकाची स्वतःची तालीम होती, म्हणजे काही पैलवानांचे पत्ते. कुस्त्या जुळवायच्या, फासे टाकायचे आणि भांडणं मिटवायची, हे कमिशनरचं काम. टीव्हीवरच्या कुस्तीत कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. या खेळाच्या दुसऱ्या लीगांमधले कमिशनरही आपल्या मर्जीने निकाल लावून गोष्टी रंगवत. नोरीनने ते कधी केलं नाही. तिच्याकडे फासा पडला की पडला. आपल्याला काही ठरवावं लागत नाही, याच्यासारखं सुख तिला दुसरं माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी, तिने बोलता बोलता सांगितलं होतं तिथे, तोच उंच तरुण डोनटचा खोका छातीशी धरून तळघराचा जिना उतरला. नाव एमेट हॅलोरन. हिवाळ्यात नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा.

"मोजे हरवणाऱ्या बाईंची तालीम हीच ना?" त्याने विचारलं.

चेटकाका नाकावरच्या चष्म्यावरून बघू लागले. रेल्वे इंजिनाच्या कारखान्यात जन्म घालवलेला हा म्हातारा लीगचा सगळ्यात जुना सभासद. "पोरी, कधी बोलली नाहीस ते," ते म्हणाले.

"बोलण्यासारखं काही नव्हतंच," नोरीन घाईघाईने म्हणाली.

"म्हणूनच लाल झालीस," शाळेची बस चालवणारी बेव्ह म्हणाली आणि तिने खोक्यातला सगळ्यात मोठा डोनट उचलला.

नव्या माणसाला उरलेसुरले पत्ते मिळायचे. एमेटच्या वाट्याला दूधवाला मॉर्टी आला. पांढरी टोपी, हातात बाटल्यांची जाळी, आणि पत्त्यावर डावांपेक्षा मार खायच्या जागाच जास्त. पण फाशांच्या मनात काय आलं कोणास ठाऊक, मॉर्टी जिंकू लागला. तो जिंकला की एमेट उठून सगळ्यांना कागदी पेल्यांतून दूध वाटायचा. चेटकाकांना दूध पचत नसे, तरी ते प्यायचे.

आणि त्या हिवाळ्यात नोरीनच्या गल्लीतला बर्फ सगळ्यांच्या आधी निघू लागला. पहाटे ट्रकचा पिवळा दिवा खिडकीवरून सरकायचा... क्षणभर थांबायचा... पुढे जायचा.

"शहरात काय माझी एकटीचीच गल्ली आहे का?" तिने एकदा विचारलं.

"तसं नाही. ट्रकच वळतो तिकडे. मी सांगून पाहिलं, ऐकत नाही."

"मग दुरुस्तीला टाक."

"अरे वा! 'तुम्ही'वरून 'तू'वर आलात की कमिशनरबाई."

"चुकून आलं."

"टेबलावर पडलेला फासा परत उचलायचा नाही," एमेट म्हणाला. "नियम आहे."

त्या रात्री नोरीनला झोप आली नाही. आपण जास्त हसलो का? कमी हसलो का? त्याला वाटलं असेल का, की आपल्याला... आणि वाटलं असेल तर बरं की वाईट? इस्त्रीचं कसं, उठून बघता येतं. याचं काय बघणार?

अशात दूर दक्षिणेच्या वाळवंटातल्या टक्सनहून एमेटच्या मामाचा फोन आला. मामाचा घरांची छपरं घालायचा धंदा होता. बर्फ वितळला की नगरपालिका एमेटला घरी बसवायची. मामाकडे बारमाही काम होतं आणि ऊन फुकट. एमेटने ही बातमी तळघरात सगळ्यांसमोर सांगितली, पण बघत होता तो नोरीनकडे.

"छान," नोरीन म्हणाली. "म्हणजे... चांगलंच आहे की. ऊन वगैरे."

एमेटने मान हलवली. मग त्याने मॉर्टीचा पत्ता टेबलावर आपटला. "बेव्ह, तुझ्या आयर्न बिशपला आव्हान. विजेतेपदाच्या पट्ट्याची कुस्ती. हरणाऱ्याने गाव सोडायचं."

अशी अट कुस्तीत जुनीच. लीगमध्ये तिचा अर्थ एवढाच, की हरलेल्याचा पत्ता कॉफीच्या डब्यात जायचा आणि तो पैलवान पुन्हा खेळायचा नाही.

"मंजूर," बेव्ह म्हणाली.

"आणि मॉर्टी हरला तर मीही त्याच्याबरोबर," एमेट हसत म्हणाला. "मामाला हो कळवतो. फासे सांगतील ते."

सगळे हसले. एक नोरीन सोडून. थट्टा होती का ती? थट्टा असेल तर तो नजर का चुकवतोय? आणि थट्टा नसेल तर... फासे टाकायचे कोणी? तिनेच!

कुस्तीच्या रविवारी तिच्या तळहाताला एवढा घाम, की फासे दोनदा रुमालाने पुसावे लागले. कुस्ती लांबली. मॉर्टीने बाटल्यांची जाळी बिशपच्या डोक्यात घातली, बिशपने मॉर्टीला दोरांत गुंडाळलं. शेवटी बिशपने त्याला खाली दाबलं आणि एकच फासा उरला. पाच किंवा सहा पडले तर मॉर्टी निसटणार. नाहीतर चितपट.

नोरीनने फासा टाकला. तो टणटणत गेला, गरगरला, आणि टेबलाच्या अगदी काठावर, अर्धा बाहेर लोंबत थांबला.

दोन.

चेटकाकांचा चष्मा खाली पडला होता, ते तो चाचपत होते. बेव्ह डोळे मिटून पुटपुटत होती. नोरीनचा गुडघा टेबलाच्या पायाला टेकलेला होता. नुसता हलवला असता तर फासा खाली गेला असता, आणि खाली पडलेला फासा धरत नाहीत. तिला वाटलं, हलव. हलव ना गं! तिने वर पाहिलं. एमेट फाशाकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, मग तिच्या गुडघ्याकडे.

"दोन," नोरीन म्हणाली.

बेव्हने आरोळी ठोकली आणि मग एकदम तोंडावर हात ठेवला. एमेटने मॉर्टीचा पत्ता उचलला, डब्यात टाकला, कोट चढवला.

"निघतो मग."

"एमेट..."

"हां?"

थांब. जाऊ नकोस. एवढंच तर म्हणायचं होतं.

"तुझे... हातमोजे राहिले."

त्याने हातमोजे घेतले. जिन्यावर त्याचे बूट वाजले आणि दार लागलं.

तो आठवडा नोरीनने कसा काढला, तिचं तिला माहीत. सोमवारी गल्लीतला बर्फ दुपारी निघाला, आणि ट्रकवर मिशीवाला कोणी दुसराच. मंगळवारी तिने धीर करून फोन लावला. वाजत राहिला. बुधवारी ती त्याच्या घरमालकिणीच्या दारात जाऊन उभी राहिली. "गेला की बॅग घेऊन," ती बाई म्हणाली. "तू कोण त्याची?" याला काय उत्तर द्यायचं? दवाखान्यात एका आजोबांना ती "मुंगी चावल्यासारखं होईल" म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली. तेच बिचारे तिचा हात थोपटत बसले.

रविवारी तिला तळघरात जायचंच नव्हतं. पण गेली. फासे मांडले. डोनट नव्हते.

जिन्यावर बूट वाजले.

खाली उतरला तो एक उंच माणूस. डोक्यापासून गळ्यापर्यंत लोकरीचा नारिंगी मुखवटा, डोळ्यांना दोन भोकं. हातात प्रवासाची बॅग.

कुस्तीच्या दुनियेत याची एक ठरलेली रीत आहे. गाव सोडून गेलेला पैलवान काही दिवसांनी मुखवटा चढवून परततो. तीच चाल, तेच बूट, तेच खांदे. साऱ्या गर्दीला तो कोण ते कळतं, आणि कळलं असं कोणी म्हणायचं नसतं.

"आपल्याला कुठे पाहिलेलं नाही बुवा," चेटकाका गंभीरपणे म्हणाले.

"छे! एवढा उंच माणूस या गावात कधी नव्हताच," बेव्ह म्हणाली.

नोरीनला हसावं की रडावं कळेना. तिची नजर त्या बॅगेवरून हटत नव्हती. आला आहे, की जाता जाता तोंड दाखवायला थांबलाय? तेही झाकून?

"नाव?" तिने विचारलं.

"मुखवटेवाला."

"गाव?"

"ते अजून ठरायचंय."

नोरीनने टेबलाची कड घट्ट धरली. "इथे एक एमेट हॅलोरन होता. वाटेत दिसला का?"

"दिसला. टक्सनच्या बसमध्ये होता. वाटेत क्लीव्हलँडला कॉफी प्यायला उतरला तो परत चढलाच नाही. चुलतभावाच्या सोफ्यावर पडून राहिला. वेडाच वाटला मला."

"चढला का नाही?"

"म्हणाला, फाशांनी जा म्हटलं, मी गेलो. पण एक माणूस काहीच बोललं नाही. जा नाही, थांब नाही. नुसते हातमोजे दिले."

"मग त्याने तरी कुठे विचारलं?" नोरीन उसळली. "आयुष्याचा निर्णय कोणी दूधवाल्यावर टाकतं का? सरळ विचारायला काय जीभ झडली होती त्याची?"

"भित्रा आहे तो," मुखवटेवाला हळूच म्हणाला. "त्याला वाटलं, कोणीतरी गुडघा हलवेल."

"मी नाही हलवणार. कधीच नाही."

"ते त्याला माहीत आहे. हलवला असतास तर... तर ती तू नसतीस." तो अडखळला. "आणि त्याला तूच हवी आहेस. असं तो म्हणाला. मी आपला निरोप सांगतोय."

चेटकाकांनी कानातलं ऐकायचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. बेव्ह भिंतीकडे तोंड करून कॉफीच्या भांड्याशी उगाचच खुडबुड करू लागली.

नोरीन टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. नारिंगी लोकरीत बर्फाचे कण विरघळत होते. भोकांतून दिसणाऱ्या डोळ्यांत तिच्याइतकीच भीती होती. हे तिला आज पहिल्यांदाच दिसलं.

"भेटला तर सांगशील त्याला?"

"सांगेन."

"सांग, कमिशनरने आजवर एकही निकाल स्वतः ठरवला नाही. हा ठरवलाय. थांब म्हणावं. टक्सनला ऊन असेल नाहीतर सोनं असेल, जाऊ नकोस म्हणावं. त्याचा ट्रक खिडकीशी थांबतो ना, तेव्हा मी जागी असते. रोज. पडद्यामागे उभी असते. तो मला आवडतो... फार आवडतो. आणि या आठवड्यात मला इतकी भीती वाटली, इतकी, की आता सांगायची भीती त्यापुढे काहीच नाही."

बॅग खाली ठेवल्याचा आवाज झाला. त्याचा हात मुखवट्याच्या कडेला गेला. नोरीनने तो वरच्यावर धरला.

"नको... एवढ्यात काढू नकोस," ती म्हणाली. "तोंडावर सांगायला मला अजून लाज वाटते, आणि माझं बरंच सांगायचं राहिलंय."