पानाच्या डाव्या बाजूचं मीठ

आमच्या घरी गेले काही आठवडे सगळे अळणी जेवत होते, आणि ज्याला जीभच नाही तो बल्लू आम्हाला चवीवर व्याख्यानं देत होता. मी अगदी वैतागून गेले होते.

बल्लू म्हणजे आमचा स्वयंपाकी यंत्रमानव (माणसाची कामं करणारं आणि थोडाफार विचारही करणारं यंत्र). अळणी जेवणाचं कारण मात्र माझे आजोबा, नाना. नाना समुद्रशास्त्रज्ञ. रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून लांब, समुद्राच्या तळाशी जे संशोधन केंद्र उभं राहिलंय, त्याचा पहिला आराखडा त्यांचा. आता तिथे मुलांनाही नेतात, पण सोबत घरचं मोठं माणूस लागतं. आई-बाबांचा बंद जागेत जीव घाबरा होतो, म्हणजे उरले नाना. आणि नानांचा रक्तदाब (वाहणारं रक्त नळ्यांच्या भिंतींवर देतं तो जोर) इतका जास्त निघाला, की केंद्राच्या डॉक्टर सामंतबाईंनी बजावलं, "गोळ्या नियमित घ्या आणि मीठ कमी करा. दोन महिन्यांनी शेवटची तपासणी. तेव्हाही असाच असला तर खाली सोडणार नाही."

नाना नाहीत तर मीही नाही. म्हणून मी तोंड वाकडं न करता अळणी आमटी गिळत होते. गोळ्याही चालू होत्या. एक महिना गेला, आणि घरच्या यंत्रावर नानांचा रक्तदाब जवळजवळ तिथल्या तिथेच.

"बल्लू, तू गुपचूप मीठ घालतोस," मी म्हटलं.

"रेवा, संशय हा वाईट मसाला आहे," बल्लू म्हणाला. "पातेल्यात पडणारा प्रत्येक कण मी मोजतो. एका माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ पुरतं, म्हणजे सपाट चहाचा चमचासुद्धा नाही. मी नानांना त्याच्या निम्मंच देतो."

"मग दाब उतरत का नाही?"

"ते नानांना विचारा. शास्त्रज्ञ ते आहेत."

शास्त्रज्ञ पाणी पीत होते. जेवताना तिसरा तांब्या. मी बघतच राहिले. इतकं अळणी जेवणाऱ्या माणसाला इतकी तहान का लागावी?

मग मी त्यांच्या ताटाकडे नीट बघितलं. मधे भात, उजवीकडे बिचारी फिकट भाजी. डावीकडे मात्र जत्रा भरली होती. लिंबाचं लोणचं, कैरीचं लोणचं, सुकटीची चटणी, तळलेली सांडगी मिरची, दोन पापड, आणि वरच्या टोकाला रिवाजाप्रमाणे मिठाची ढिगुळी. आमच्याकडे पानाची डावी बाजू नाना स्वतः वाढतात. तिथे दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही.

"बल्लू, डाव्या बाजूचं मीठ मोज."

"ती माझ्या हिशेबात नाही. नानांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, डावीकडचं म्हणजे काही जेवण नव्हे, ते नुसतं तोंडी लावणं."

"मोज म्हणते ना."

त्याने पानावरून लाल किरण फिरवला. "सात ग्रॅम. एका वेळचं. मला कुणी विचारलंच नव्हतं."

मला रडू यायचं बाकी होतं. "नाना, आम्ही सगळे तुमच्यासाठी गवत खातोय, आणि तुम्ही?"

नानांनी लोणच्याची फोड हळूच बाजूला केली. "भाजीला चव नव्हती, म्हणून डावीकडचं जरा वाढलं. खरंच सांगतो, ते मी जेवणात धरलंच नाही कधी." त्यांनी कान पकडले.

"उद्यापासून मीठ बंद. पूर्ण बंद," मी म्हटलं.

"ते नको हं. आधी काकडी आण," नाना म्हणाले.

बल्लूने काकडी चिरली. नानांनी त्यावर मीठ भुरभुरलं. थोड्याच वेळात वाटीत पाणी सुटलं.

"कोशिंबिरीत रोज बघतेस ना? मीठ पाण्याला ओढतं. मिठातलं सोडियम (मिठाच्या दोन घटकांपैकी एक) रक्तात वाढलं, की तेही असंच पाणी ओढून धरतं. म्हणून तर तहान लागते. जादा सोडियम बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं (रक्त गाळून लघवी तयार करणारे दोन अवयव). रोजच फार झालं की त्यांना ते झेपत नाही. मग नळ्या तेवढ्याच आणि आत पाणी जास्त. काय होईल?"

"दाब वाढेल."

"आणि हृदयाला तो सगळा भार ओढावा लागेल."

"तर मग बंदच करू."

"अगं, आत्ता तू माझ्यावर बोट रोखलंस ना, तो निरोप मेंदूकडून बोटापर्यंत गेला कसा? मज्जातंतूंतून (निरोप नेणाऱ्या बारीक धाग्यांतून). त्या धाग्यांच्या भिंतीतून सोडियमचे कण आत शिरतात, तेव्हा निरोप पुढे सरकतो. सोडियम फारच कमी झालं तर माणूस भोवंडतो, बेशुद्धही पडतो. मीठ हवंच, पण मोजकं."

शास्त्रज्ञाला हे सगळं तोंडपाठ होतं. फक्त स्वतःच्या पानाकडे बघायचं राहिलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं, आणि बल्लूने मान डोलावली, म्हणून त्यालाही सुनावलं.

दुसऱ्या दिवसापासून डावी बाजू बल्लूच्या हिशेबात आली. पातेल्यात चिमूटभर मीठ वाढलं, आमटी आमटीसारखी लागू लागली. डावीकडे लिंबाची फोड, आलं आणि ओल्या खोबऱ्याची चटणी आली. लोणच्याची बरणी नानांनीच उंच फळीवर ठेवली आणि आठवडाभर तिच्याकडे बघत उसासे टाकले. मग जिभेला सवय झाली.

तपासणीच्या दिवशी सामंतबाईंनी यंत्राकडे दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, "जा खाली."

समुद्रतळावरच्या खोलीत आम्ही जेवायला बसलो, तेव्हा काचेपलीकडून रुपेरी मासे सरकत होते. मी घास हातातच धरून त्यांच्याकडे बघत बसले होते. नानांचा हात सवयीने ताटाच्या डावीकडे गेला. तिथे फक्त लिंबाची फोड होती. त्यांनी काचेबाहेर पसरलेल्या त्या अफाट खाऱ्या पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बघतेस काय? हे बाहेरचं मीठ मी जेवणात धरत नाहीये," ते म्हणाले आणि लिंबू पिळून जेवू लागले.