गाठीची कड

"श्वास सोडू नका!"

दारात पाऊल टाकताच हा हुकूम कानावर आला आणि डॉक्टर जागच्या जागी थबकली. खरं तर ती भांडायला आली होती. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागून चारच दिवस झालेले, आणि तिच्या मायक्रोस्कोपखाली आलेल्या काचेवर ही एवढी सुरकुती! कोण कापतं हे, म्हणून ती तरातरा जिने उतरून तळमजल्यावर आली, तर एक उंच माणूस कोमट पाण्याच्या भांड्यावर वाकलेला. पाण्यावर मेणाची पट्टी तरंगत होती, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, आणि तिच्यात कुणाच्या तरी गाठीचा तुकडा. त्याने काच पाण्याखाली नेली, हळूच वर उचलली... पट्टी अलगद तिच्यावर येऊन बसली.

"सोडा आता."

"उपकार झाले," ती म्हणाली. "सकाळच्या काचेवर कुणी शिंकलं होतं वाटतं?"

"कुणीतरी दार धाडकन उघडलं होतं." त्याने मान वर केली. "थेट तुमच्यासारखं."

ती हसली, आणि भांडण तिथेच राहिलं.

त्याला सगळे पातळराव म्हणत. त्याच्याइतका पातळ काप कुणाला जमत नसे. काचा वर पाठवायला दोरीचा पाळणा होता, पण पातळराव त्या हातात घेऊन तीन जिने चढायचा.

"पाळणा मोडलाय का?" एकदा तिने विचारलं.

"पाळण्यात काचा हिंदकळतात."

"आणि तुम्ही?"

"मी... मीही हिंदकळतो हो. पण काचा घट्ट धरलेल्या असतात."

तिने मान खाली घातली, पण गालांनी चुगली केलीच. त्यानंतर 'अजून एक काप हवा' अशा चिठ्ठ्या जरा जास्तच खाली जाऊ लागल्या.

असा दीड महिना गेला. मग एका सकाळी एक काच आली. छातीतली गाठ, बाई चाळिशीची. त्या दिवशी काच पाळण्यातून आली.

डॉक्टरने भिंगाला डोळे लावले. गाठीच्या कडेला पेशींचे पुंजके रक्तवाहिन्यांसारख्या पोकळ्यांमध्ये बसले होते. पेशी अशा रक्तवाहिनीत शिरल्या, की त्या अंगभर वाटा शोधतात. मग जड औषधं, केस जाणं, उलट्या, सगळं आलं. तिने पेन उचललं... आणि परत ठेवलं. पोकळ्या जरा जास्तच बेतशीर होत्या, पुंजक्याच्या मापाने शिवल्यासारख्या. वाहिनीला आतून पेशींचं नाजूक अस्तर असतं. इथे ते धड दिसत नव्हतं. तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरून घट्ट झाला नाही, की तो आक्रसतो आणि अशाच भेगा पडतात.

ती खाली गेली.

"हा तुकडा फॉर्मालिनमध्ये किती वेळ होता?"

पातळराव पातं पुसत होता. पुसतच राहिला.

"मी तुम्हाला विचारतेय."

"पाच तास."

"पाच? दिवसभर मुरायला हवा तो! तुम्हाला हे मी सांगायचं?"

"माझी ताई आहे ती," तो म्हणाला. "आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. रोज विचारते, रिपोर्ट आला का रे... मला धीर निघाला नाही, डॉक्टर. आधी काढला मी तो."

तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. पण ती म्हणाली, "घाईने तुम्ही माझ्याकडून तिच्या नावावर नसलेला आजार लिहून घेत होतात. किंवा असलेला झाकत होतात. काय ते मला अजूनही माहीत नाही."

"बरणीत उरलेला भाग आहे. मी पुन्हा करतो."

"आणि नोंदवहीत चूक लिहा."

त्याने वही ओढली. कारण, वेळ, स्वतःची सही—एक अक्षर गाळलं नाही. ती बघत उभी राहिली. हा माणूस आपल्याला आवडतो हे तिला ठाऊक होतंच. किती, ते त्या सहीपाशी कळलं.

नवा तुकडा दिवसभर मुरला. वाहिन्यांचं अस्तर तपकिरी करणारा खास रंगही तिने लावायला सांगितला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो काच घेऊन आला आणि दारातच उभा राहिला.

"आत या. बसा समोर."

तिचा मायक्रोस्कोप समोरासमोर बसून दोघांना एकाच वेळी बघता येईल असा होता. हजारो काचा बनवून त्याने त्यात कधी डोकावलं नव्हतं. दोघांनी डोळे लावले. म्हणजे एकमेकांकडे बघायची सोयच उरली नाही.

"हिरवा बाण दिसतोय? मी तो जिथे नेतेय, ती गाठीची कड. पसरणाऱ्या गाठीच्या पेशी एकेक-दोनदोन करून कडेवरून निसटतात. इथे बघा, एकही जागची हललेली नाही. पेशींचे गाभेही साधारण सारखेच."

"आणि हे तपकिरी?"

"वाहिन्या. सगळ्या बघून झाल्या. आत कुणी नाही."

"म्हणजे ताई..."

"गाठ घराबाहेर पडल्याची खूण मला दिसत नाही. औषध किती, ते तिचे डॉक्टर ठरवतील. तपासायला मात्र येत राहायचं."

पलीकडे तो भिंगाशी उगाच चाळा करू लागला.

"पातळराव?"

"भिंग धूसर झालंय."

"पुसा. घाई नाही."

त्याने नाक ओढलं. "डॉक्टर, एक बोलू? असंच, डोळे इथेच ठेवून. वर बघितलं की जमायचं नाही."

"बोला ना."

"वहीत लिहिलं, तेव्हा वाटलं, तुमच्या मनातून उतरलो."

"लपवलं असतं, तर उतरला असतात."

"तुम्ही मला आवडता. यात घाई केलेली नाही हं... चांगला दीड महिना मुरवलंय."

तिला हसू आवरेना. भिंग थरथरलं, हिरवा बाण कुठल्या कुठे गेला. तिने डोळे काढले. तो तसाच डोळे लावून बसलेला, कान लालेलाल. तिने टेबलावरच्या त्याच्या हातावर हात ठेवला.

"वर बघ."

त्याने वर पाहिलं.

"ताईच्या डॉक्टरांना रिपोर्ट मी कळवते," ती म्हणाली. "ताईला आपल्या दोघांचं मात्र तू सांग."