पुलाजवळचं पिवळं घर

मे महिन्यात बालाघाटची दुपार म्हणजे रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. दुकानांची शटरं अर्ध्यावर उतरलेली, घराघरात कूलरची घरघर, आणि वैनगंगेकडून येणारा वारासुद्धा भट्टीतून काढल्यासारखा. अशा दुपारी शहाणी माणसं झोपतात. गजेंद्र पुढच्या खोलीत बसून व्हेनिस बांधायचा.

व्हेनिस कागदाचं होतं. आईच्या दिवाणावर प्लायवूडची फळी टाकून, तिच्यावर निळ्याहिरव्या रंगाचे कालवे काढून त्याने ते उभारलं होतं. पाण्यातून थेट वर आलेल्या भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या, उलट्या कुंडीसारखी धुराडी, माणूस जेमतेम मावेल एवढे बोळ आणि कालव्यावरून कमान टाकून गेलेले पूल. या शहरात दोन टोळ्या एकमेकींवर चाल करून जात. टोळ्या म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढ्या धातूच्या बाहुल्या, कोणी होडीवाला, कोणी तलवारवाला. कोण किती सरकणार ते पट्टीने मोजायचं आणि मारामारीचा निकाल फाशांवर सोडायचा, असा तो खेळ. चाळिशी ओलांडलेला गणिताचा मास्तर बाहुल्या खेळतो हे शाळेत कळलं असतं तर पोरांनी त्याला खडूसुद्धा धरू दिला नसता. म्हणून त्याने ते कोणाला सांगितलं नव्हतं.

खरं सांगायचं तर सांगायला कोणी उरलंच नव्हतं. लांजीकडची त्याची आई, दुर्गाबाई, मागल्या पावसाळ्यात गेली. शाळेत हिंदी, बाजारात हिंदी, शेजारी हिंदी. आईबरोबर घरातली मराठी गेली. आता ती बोलायला एकच माणूस होता, नागपूरच्या होस्टेलातला जुना सोबती रवी. रवी पुण्यात नोकरीला होता. तिथल्या मराठीत त्याचीही जीभ अवघडायची, म्हणून दर रविवारी दुपारी दोघं फोनवर तास न् तास खेळत आणि पोटभर बोलत. गजेंद्र आठवडाभर त्या फोनवर जगायचा. हे त्याने रवीला कधी सांगितलं नाही, पण होतं ते असंच.

फोनवर हा खेळ खेळायचा तर दोन्हीकडे हुबेहूब एकच शहर हवं. म्हणून दोघं घरांच्या आखणीची तीच पानं जाड कागदावर छापून आणत. गजेंद्र काली पुतली चौकातल्या दुकानातून, रवी आपल्या ऑफिसजवळून. संपलेल्या रिफिलने घडीच्या रेघा दाबायच्या, कात्रीने कापायचं, काडीने फेव्हिकॉल लावायचा, वाळेपर्यंत कपड्यांच्या चिमट्यात धरायचं. कापलेल्या कडेचा पांढरा कागद दिसू नये म्हणून तिथे स्केचपेन फिरवायचा. घर तयार झालं की दोघांनी ते मोजून एकाच जागी ठेवायचं. खेळाआधी एकमेकांना फोटो पाठवून शहरं जुळवून घ्यायची, हा नियम होता.

त्या रविवारी फोटो गेला आणि लगेच रवीचा फोन आला.

“हे पुलाजवळचं पिवळं घर केव्हा लावलं बे? मले पान नाई पाठवलं.”

“कोनतं पिवळं?”

“तीन माळ्यांचं. हिरव्या खिडक्यावालं. लाल घर अन् पूल, त्याच्या मधात.”

गजेंद्रने फळीकडे पाहिलं. लाल घर आणि पूल यांच्या मधे त्याचा चहाचा रिकामा कप होता. मग त्याने आपणच पाठवलेला फोटो उघडला. कप कुठेच नव्हता. तिथे एक अरुंद पिवळं घर होतं, भिंतीच्या खालच्या अंगाला शेवाळाची रेघ असलेलं.

तो गणिताचा माणूस. त्याने चष्मा पुसला, कॅमेऱ्याची काच पुसली, कप उचलून खाली ठेवला आणि दुसऱ्या बाजूने फोटो काढला. घर होतंच. मग त्याने त्या मोकळ्या जागेत डावा हात ठेवला आणि उजव्या हाताने पुन्हा फोटो काढला. फोटोत त्याचा हात घराच्या मागे गेलेला दिसत होता.

“ऐकून राह्यला का?” रवी म्हणाला. “दोन्हीकडं सारखं नसन त खेळ कसा होईन? तसंबी दीपिका चिडून राह्यली हाये. म्हनते, बायको घरात अन् रविवार फोनवर. मी म्हनतो, एखाद महिना बंदच करू.”

महिना बंद. गजेंद्रच्या शाळेला सुट्ट्या होत्या. हा फोनही नसला तर त्या घरात महिनाभर त्याचा स्वतःचा आवाजसुद्धा निघाला नसता.

“हौ, कालच बनवलं मी,” तो म्हणाला. “आपल्याच मनानं. पान पाठवतो तुले.”

एवढं बोलून गेल्यावर ते घर बांधणं भागच होतं. फोटोवरून त्याने मापं काढली. लाल घराची उंची माहीत होती, तिच्या हिशेबाने बाकीचं बसवलं. आखलेलं पान रवीला पाठवून दिलं, आपल्यासाठी छापून आणलं आणि सोमवारच्या दुपारी कापायला बसला. काम करताना स्वतःशी पुटपुटायची त्याची सवय होती. “हे इकडं वळवाचं, थे तिकडं,” असं आईच्या सुरात चालायचं. या घराला पुटपुटावं लागलं नाही. नवीन आखणीत एखादी चिकटपट्टी कमी पडते, एखादी भिंत तिरपी येते. इथे घडी घालायचा अवकाश, भिंती एकमेकींना जाऊन भिडत होत्या. कापलेल्या कडा रंगवायला त्याने स्केचपेन उघडला, आणि पाहतो तर कडा पिवळ्याच होत्या. कागद आतपर्यंत पिवळा होता. उरलेला तुकडा त्याने फाडून पाहिला. तो पांढरा निघाला.

प्रत्येक घराचं छप्पर तो उचलता येईल असं ठेवायचा, म्हणजे बाहुल्या आत ठेवता येतात. याचंही तसंच ठेवलं होतं. पण पुलाजवळ ठेवल्यावर ते छप्पर काही केल्या निघेना. फेव्हिकॉल तर त्याने तिथे लावला नव्हता. दमट हवेने फुगलं असेल, असं म्हणून त्याने कूलर बंद केला. तरी खोलीत ओल्या पायऱ्यांसारखा वास येत राहिला.

शनिवारी शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या साखरपुड्याला तो लामत्याला गेला आणि संध्याकाळच्या बसने परतला. रविवारी रवीचा फोन आला तो हसतच.

“काल काय रंगला होता बे तू! होस्टेलची याद आली. इतकं हासवलं मले, का दीपिका विचारे, कोन हाये थे?”

“काल?”

“मंग! जेवन झाल्यावर तूच त फोन केला. तुया होडीवाला पिवळ्या घरात घुसवला, विसरला का?”

गजेंद्रने आपल्या फोनमधले कॉल पाहिले. शनिवारी रवीला एकही नव्हता. मग फळीकडे पाहिलं. लाल पट्ट्याचा त्याचा होडीवाला, जो त्याने स्वतःच्या हाताने धक्क्यावर ठेवला होता, तो धक्क्यावर नव्हता. पिवळ्या घराच्या दारात होता, पाठमोरा, आत जाता जाता थांबल्यासारखा.

आताच बोलायला हवं होतं. पण रवी इतका खुशीत होता! महिना बंद करायची गोष्ट त्याने काढलीसुद्धा नाही. वर्षभरात तो असा मोकळा हसला नव्हता, आणि ते हसणं आपल्या नावावर जमा झालंय, ते कशाला परत करायचं, असं गजेंद्रला वाटलं.

“हौ,” तो म्हणाला. “मजा आली.”

त्यानंतर रविवारचे फोन आखडायला लागले. “काल त झालं ना आपलं,” रवी म्हणायचा. आधी फक्त शनिवारी, पुढे शुक्रवारीसुद्धा बोलणं झालेलं असायचं. गजेंद्र भाजीला जाऊन आला, पाय मोकळे करून आला, की फळीवरच्या बाहुल्या पुढे सरकलेल्या असत. चालीही चांगल्या असत, त्याला सुचल्या नसत्या इतक्या. रवी सांगायचा आणि तो हौ हौ करायचा.

“थे हिरवी, काय म्हनते तिले... खिड़की के ऊपर का...” एका रविवारी गजेंद्रला शब्दच सापडेना.

“झडप म्हन ना बे. पुरा हिंदी झाला तू,” रवी म्हणाला. “फोन ठेवू का? उद्या बोलू. उद्या बरा रायतो तू.”

शेजारच्या मंजूने एकदा अंगणातून विचारलं, “मास्टरजी, मेहमान आए हैं क्या? दोपहर में बड़ी हँसी सुनाई देती है।”

“हाँ,” गजेंद्र म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवशी मात्र त्याने पिवळं घर दोन्ही हातांनी धरून उपटायचा प्रयत्न केला. कागदाचं घर, मुठीत चुरगळायला हवं. ते हललं नाही. भिंतीला बोटं लागली तिथे ती थंडगार आणि ओली लागली, आणि आत, अगदी जवळ, कोणीतरी बोलता बोलता गप्प झालं.

त्याने हात काढून घेतला.

शेवटी त्याने मास्तरकीला शोभेल असा उपाय काढला. आपण घराबाहेर असताना आपणच रवीला फोन करायचा. घरातून बोलतोय तो आपण नाही, हे मग आपोआप सिद्ध होईल. रवी काय म्हणायचं ते म्हणो. चिडला तर चिडला. निदान चिडेल तरी तो आपल्यावर.

शनिवारी जेवण उरकून त्याने दाराला कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि भर उन्हात बसस्टँडवर जाऊन सावलीत उभा राहिला. लांजीची बस सुटत होती. त्याने फोन लावला. रवी दुसऱ्या फोनवर होता. पुन्हा लावला. पुन्हा लावला.

“हाँ, बोलिए,” रवी म्हणाला.

मी गजेंद्र, असं त्याला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, “मैं गजेंद्र बोल रहा हूँ।”

“गजेंद्र से तो बात चल रही है, भाईसाब. दूसरी लाइन पर. आप कौन?”

अरे मीच, तुया गजेंद्र, होस्टेलचा! सगळं त्याच्या मनात होतं. अर्थ होता, राग होता, रडू होतं. पण बोल फुटेना. “मले,” असं कसंबसं ओठांवर आलं आणि त्याच्या पुढचं काहीच आलं नाही. आई ज्या शब्दांनी त्याला जेवायला बोलवायची ते शब्द त्याने चाचपून पाहिले. तेही जागेवर नव्हते.

“रवी, सुनो... वो मैं नहीं हूँ...”

“उसने बताया था,” रवी सावध आवाजात म्हणाला, “कि उसके नंबर से ऐसा कोई फोन आएगा।”

फोन कट झाला.

तो धावत सुटला. डांबर चपलांना चिकटत होतं. रस्त्यात कोणी नव्हतं.

कोयंड्यात कुलूप नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं.

आतून त्याचाच आवाज येत होता. काय छान आवाज होता! आईची गोष्ट सांगत होता. “माय म्हने, गज्या, तू नोकरी कर नाईतर नको करू, पन जेवाले टायमावर येत जाय,” आणि स्पीकरवर रवी खो खो हसत होता. गजेंद्रलाही हसू आलं. क्षणभर उन्हात उभा राहून तो नुसता ऐकत राहिला. असं बोलणारा माणूस किती महिन्यांनी त्याच्या कानावर पडत होता.

आपलंच दार ढकलायचा त्याला धीर होईना, म्हणून त्याने त्यावर थाप मारली.

“दरवाज़ा खोलो! मेरा घर है!”

आतलं हसणं थांबलं.

“कोन हाये बे?” रवीने विचारलं. “एवढ्या उन्हाचं कोन येते?”

अनवाणी पावलं दारापर्यंत आली आणि पलीकडेच थांबली. ओल्या पायऱ्यांचा वास आला.

“कोनी नाई,” त्याचा आवाज मायेने म्हणाला. “हिंदीवाला हाये कोनी. पत्ता चुकला वाटते बिचाऱ्याचा.”

आणि आतून कडी लागली.