मूठ नसलेलं दार

त्या दुपारी धाकटा अंगणात गाडीच्या सीटा पुसत होता. त्याच्या चष्म्याच्या दुकानाला सुट्टी होती, आणि फिकट चामड्याला तेल लावायचं काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. फोन वाजला तेव्हा हात तेलकट होते, म्हणून त्याने कोपराने स्पीकर लावला. दादाच्या ऑफिसातला शिपाई बोलत होता. जेवण झाल्यावर दादा खुर्चीत मागे टेकला होता, तो तसाच राहिला. धाकटा "बरं" म्हणाला. मग हाताखालची सीट त्याने पुरी पुसली. ती डावीकडची, दादाची होती.

गाडी दोघा भावांची. गर्द मरून रंगाची, लांब नाकाची, छत उघडणारी. दोघांपुरत्या उघड्या गाड्या पुष्कळ दिसतात, चौघं ऐसपैस बसतील अशी आमचीच, असं दादा छाती फुगवून सांगायचा. पाहुण्याला चहाच्या आधी गाडी दाखवायचा. शेजारचे डॉक्टर चेष्टा करत, "एवढा खर्च केलात, पण डोक्यावर छप्पर नाही ते नाहीच!"

"आहे की हो," दादा म्हणायचा. "पण ते घालायला भाऊ लागतो. तुम्हाला आहे का?"

ते खरंच होतं. छत जाड कापडाचं, हाताने ओढायचं. दोघांनी दोन बाजूंना उभं राहून एकदम ओढलं तरच ते सरळ यायचं. एकट्याने ओढलं की सांगाडा तिरका होऊन अडकून बसायचा. पुढच्या काचेच्या चौकटीला बाहेरून दोन खटके होते. डावा आधी बसवायचा. तो बसला की दादा छतावर दोनदा बोटं वाजवायचा. टक टक. मग धाकट्याने उजवा दाबायचा.

डाव्या दाराची बाहेरची मूठ दादानेच काढून टाकली होती, पत्रा सलग आरशासारखा दिसावा म्हणून. दिसायचाही. पण त्यामुळे छत घातल्यावर दादा बाहेरच अडकायचा. धाकट्याने आत बसून, वाकून त्याला दार उघडून द्यायचं. पाऊस असला की धाकटा मुद्दाम वेळ लावायचा.

"अरे उघड की लेका, भिजलो!"

"मूठ कुणी काढली?"

मागच्या सीटवर वहिनी हसून हसून लोळायची.

दादा गेल्यावर गाडीवर आच्छादन पडलं. ते काढलं वहिनीनेच. "भाऊजी, चला, एक फेरी मारू. ती अशी झाकलेली यांना बघवली नसती."

छत उघडं टाकून दोघं निघाली. वहिनी नेहमीसारखी मागे, उजवीकडे. डावी सीट रिकामी. चौकात माणसं वळून वळून बघत होती. एका ट्रकवाल्याने तर स्वतःची गाडी थांबवून यांना वाट दिली. धाकट्याची मान आपोआप ताठ झाली. आरशात पाहिलं, तर वहिनीचीही ताठ होती. कितीतरी दिवसांनी तिने पदर वाऱ्यावर सोडला होता.

गावाबाहेर मोकळं माळरान लागलं, आणि भर दुपारी उजेड विझत गेला. वारा पडला. तापलेल्या चामड्याचा वास एकाएकी दाट झाला. मग पहिला थेंब बॉनेटवर फुटला.

आडोसा कुठेच नव्हता. धाकटा उतरला, उजव्या बाजूने त्याने छत धरलं आणि सवयीने ओढलं. ओढून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आता ते अडकणार.

ते अडकलं नाही. सरळ, हलकं, एका रेषेत वर आलं आणि काचेच्या चौकटीवर टेकलं. डावीकडून खटका बसल्याचा आवाज आला. आणि मग...

टक टक.

धाकट्याच्या बोटांनी उजवा खटका दाबला. त्याने काहीच केलं नाही, सगळं बोटांनीच केलं. तो घाईने आत येऊन बसला. वहिनी जागची हललेली नव्हती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, कोरडे.

"वहिनी... तुम्ही...?"

ती डाव्या काचेकडे बघत होती. बाहेर पाण्याचा नुसता पडदा. काचेवरून धारा ओघळत होत्या. मधल्या तळहाताएवढ्या जागेवर मात्र एकही थेंब पडत नव्हता.

"भाऊजी," ती अगदी हळू, रोजच्या आवाजात म्हणाली, "दार उघडा ना... हे भिजतायत."

त्याचा हात निम्म्यापर्यंत गेला. मग त्याने तो मागे घेतला आणि गाडी चालू केली. ती थेट घराशीच थांबवली. वहिनी उजवीकडूनच उतरली आणि मागे न बघता आत गेली.

गाडी अजून त्यांचीच आहे. पत्रा आरशासारखा आहे, सीटा मऊ आहेत, आणि रस्त्यावर माणसं अजूनही थांबून बघतात. छत मात्र तेव्हापासून घातलेलंच आहे. बंद, कोरड्या शेडमध्ये धाकटा सीटा पुसायला आत बसला, की डाव्या बाजूला टक टक होतं. तो पुसायचा थांबतो. त्या बाजूच्या जमिनीवर पाणी साचलेलं असतं.

डावं दार त्याने अजून उघडलेलं नाही.